माझ्याकडून राहिलं

झेरॉक्स मशीनच्या मागे गुडघे टेकून ती अडकलेला कागद ओढत होती, तेव्हा तिला आपलं कंपनीतलं नाव कळलं. कागद अर्धा हातात आला होता, अर्धा आतल्या रुळाला चिकटून बसला होता, आणि जोर केला तर फाटेल म्हणून ती श्वाससुद्धा बेतानं घेत होती. पलीकडे पँट्रीच्या दाराशी दोन नव्या मुली चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. "राहिलंबाईंकडे देऊ नकोस हं," एक म्हणाली, "त्यांच्याकडे दिलं की राहिलंच समज." दुसरी खुदकन हसली, मग आवाज उतरवून म्हणाली, "हसू नको गं. तो स्टोअरवाला मालाच्या लिफ्टसकट खाली आला ना, तो यांच्यामुळेच. लिफ्ट बिघडलीय म्हणून त्यानं फोन करून सांगितलं होतं. साहेबांना सांगायला या विसरल्या." "अगं बाई! आणि तरी ठेवलंय कामावर?" "साहेब चांगले आहेत म्हणून." कपात चमचे किणकिणले, चपला वाजत दूर गेल्या, आणि तेवढ्यात कागद आपसूक सुटून तिच्या हातात आला. शाईनं माखलेला होता, पण फाटला नव्हता. तो हातात धरून ती तिथंच बसून राहिली.

गंमत म्हणजे पहिल्यांदा तिला हसूच आलं. विसरणं, आणि ती, साहेबांची सेक्रेटरी! साहेबांच्या चष्म्याचा नंबर कधी तपासायचा हे तिला माहीत, साहेबांच्या बायकोला कोणती फुलं पाठवली तर ती चिडते हे तिला माहीत. एवढंच कशाला, या मजल्यावर कुणाचं काही अडलं की पावलं आधी तिच्या टेबलाकडे वळत. खालच्या खणात सेफ्टी पिना, डोकेदुखीच्या गोळ्या, तऱ्हेतऱ्हेचे चार्जर आणि काळ्या मोज्यांचा एक नवा जोड कायम पडलेला असे, कारण महत्त्वाच्या मीटिंगच्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या मोज्यातून अंगठा बाहेर येतोच. अकाउंट्समधल्या बाईंचा नवरा वारला तेव्हा त्यांचं महिनाभराचं काम तिनं स्वतःच्या कामाआड लपवून केलं होतं. आत्ता ज्या मुलीनं तिला राहिलंबाई म्हटलं, तिच्या रजेचा अर्ज गेल्याच आठवड्यात तिनं साहेबांचा मूड बघून पुढे सरकवला होता. हसू ओसरलं तशी कानशिलं तापली. कंपनीतली प्रत्येक बातमी तिच्या टेबलावरून पुढे जायची, आणि ही एक बातमी सगळ्या मजल्यांवरून फिरून, जुनी होऊन, सर्वांत शेवटी तिच्यापर्यंत आली होती. ती उठली, गुडघे झटकले, मशीनचं झाकण लावलं आणि कुणाच्या तरी अर्धवट राहिलेल्या प्रती काढून दिल्या.

"माझ्याकडून राहिलं" हे वाक्य तिला कुणी शिकवलं असं म्हणता येणार नाही. ते तिच्या तोंडात कधी येऊन बसलं ते तिलाच कळलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला एकदा साहेबांनी एका मोठ्या गिऱ्हाइकाला भेटायला बोलावलं आणि स्वतः जेवायला निघून गेले. गिऱ्हाईक बाहेरच्या सोफ्यावर बसून तापत गेलं. साहेब परतले, त्यांनी त्याला पाहिलं, आणि त्याच्या खांद्यावरून तिच्याकडे नुसतं बघितलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी सर, माझ्याकडून सांगायचं राहिलं." आणि काय जादू! गिऱ्हाइकाच्या कपाळावरची आठी मोडली, साहेबांनी मान हलवली, दोघे पुरुष तिच्याकडे बघून समजूतदारपणे हसले आणि केबिनमध्ये गेले. साहेबांचं चुकलं असतं तर तो अपमान होता. तिचं चुकलं तर ती नुसती चूक होती, आणि चूक माफ करता येते, माफ करताना माणसाला बरंही वाटतं. संध्याकाळी तिच्या टेबलावर चॉकलेटचा डबा आला होता. पुढे त्या वाक्याला तिनं चाली लावल्या. बँकेच्या लोकांशी ते झटपट म्हणायचं, साहेबांच्या बायकोशी जरा हसत, वयस्कर माणसांशी आधी एक लांब "अहो" लावून. ती हे सगळं मोठ्या ऐटीत करायची, हे लपवण्यात काही अर्थ नाही. कुणाला पेटी वाजवता येते, कुणाला चित्र काढता येतं, तिला दुसऱ्याची चूक अंगावर घेता येत होती. साहेबांचा आणखी एक नेम होता. "कागद नको, बाई," ते म्हणायचे, "मेल नको, चिठ्ठी नको. तोंडी सांगा. कागद झाला की त्याला उत्तर द्यावं लागतं." ती दर वेळी यावर हसायची.

स्टोअरवाल्याचा फोन आला तेव्हाही कागद झाला नाही. तो तळमजल्यावरचा, भरभक्कम, बोलताना मध्येच खोकणारा माणूस. "ताई, मालाची लिफ्ट मधेच झटका खाते. दार लागलेलं नसताना हलते. आमचं इथं कुणी ऐकत नाही, तुम्ही साहेबांच्या कानावर घाला." तिनं घातलं. साहेब त्या वेळी नवे बूट घालून केबिनमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून बघत होते. बूट तिनंच बदलून आणायचे होते, म्हणून ती दारात उभी होती. "लिफ्ट ना? हं, बघू या," ते म्हणाले, "हे टाचेला चावतायत हो बाई." बुटांचं तिनं त्याच संध्याकाळी बघितलं. लिफ्टचं कुणी बघितलं नाही. चार दिवसांनी की आठवड्यानं, स्टोअरवाल्याचा पुन्हा फोन आला, "ताई, सांगितलंत का साहेबांना?" आणि तिच्या तोंडातून ते निघून गेलं. विचार नाही, हेतू नाही; दाराची बेल वाजल्यावर माणूस उठतो तसं. "अहो, माझ्याकडून राहिलंच बघा. आजच सांगते." "सांगा हं," तो निर्धास्त होऊन म्हणाला. ताई आज सांगणार म्हटल्यावर उद्या माणूस येईल, तोवर एकदोन खेपा काढू, असा त्यानं हिशोब केला असणार. त्या खेपांतल्या एका खेपेला लिफ्टचा पिंजरा घसरला आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

अँब्युलन्स तिनंच बोलावली, हॉस्पिटलातली खोली तिनंच बघितली. कंपनीतर्फे फळं घेऊन ती गेली तेव्हा तो पाय वर टांगून पडला होता आणि उशाशी त्याची बायको बसली होती. "राहिलंच ना ताई शेवटी?" तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यात राग नव्हता. राग असता तर तिला काही बोलता आलं असतं. ती सफरचंदं पिशवीतून काढून एकेक टेबलावर मांडत राहिली, आणि त्याची बायको कोरड्या डोळ्यांनी तिचे हात बघत राहिली. नाही हो, मी सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, मला का तसं म्हणालात, आणि त्याला तिच्याकडे चाल लावलेलं उत्तर नव्हतं. बाहेर आल्यावर फरशीवर ओल्या फडक्याचा वास होता, आणि तो पुढे कित्येक दिवस तिच्या नाकातून जाईना.

झेरॉक्स मशीनपासून ती टेबलाशी पोचते न पोचते तोच साहेबांनी आत बोलावलं. उद्या अपघाताची चौकशी होती. मुख्य कचेरीतून कुणी बाई येणार होत्या. "बसा, बाई," साहेब म्हणाले, आणि तिथंच तिला कळलं, कारण एरवी साहेब तिला बसा म्हणत नसत. त्यांनी पाण्याचा ग्लाससुद्धा तिच्याकडे सरकवला. "उद्याचं काही मनाला लावून घेऊ नका. स्टोअरवाल्यानं त्याच्या जबाबात सांगितलंच आहे, तुम्ही राहिलं म्हणालात म्हणून. तुम्ही फक्त हो म्हणायचं. नेहमीचंच." "साहेब, मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो असं म्हणतात, पण त्यांची नजर अगदी स्वच्छ होती, आणि तीच गोष्ट तिला सगळ्यांत भीतीची वाटली. "सांगितलं असतं तर मी काही केलं नसतं का?" ते मायेनं म्हणाले. "तुमच्या घरी आईंचं ते सगळं चाललंय. ताण असतो. कुणाच्याही डोक्यातून जाईल. लोक समजून घेतील, मी आहे ना. आणि तुम्हाला कोण काय बोलणार आहे? माझ्यावर आलं तर कंपनीवर येतं." ती पाणी प्यायली, ग्लास खाली ठेवला, ग्लासच्या खाली उमटलेलं ओलं वर्तुळ सवयीनं रुमालानं पुसलं आणि बाहेर आली.

तुम्हाला कोण काय बोलणार आहे. हे तिनं पूर्वी कुठं ऐकलं होतं, ते बसस्टॉपवर उभी असताना आठवलं. तेव्हा ती परकर सांभाळत पळण्याच्या वयाची. धाकट्या भावानं वडिलांचा दाढीचा आरसा फोडला होता. वडिलांचा हात फार लवकर उठायचा, आणि भाऊ तर काडीपहिलवान. आईनं तिला स्वयंपाकघरात ओढलं, ओट्याशी उभं केलं, हनुवटी धरून म्हणाली, "तू म्हण माझ्याकडून फुटला. तू मोठी, तुला नाही ते मारणार. तुला कोण काय बोलणार आहे?" आणि खरंच वडिलांनी तिला मारलं नाही. "धांदरट आहे नुसती," एवढंच म्हणाले. भाऊ दाराआडून बघत होता, डोळे विस्फारून, आणि त्याच्या त्या बघण्यात तिला आपण फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं. पण धांदरट हा शब्द घरात राहिला. पाहुण्यांत, शेजाऱ्यांत, लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा राहिला. भाऊ आता दुसऱ्या देशात असतो, रविवारी फोन करतो, आणि "ताई, आईची औषधं विसरू नकोस हं," असं बजावतो. बस आली, भरली, निघून गेली. ती चढली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला आपल्या भावाचा, त्या काडीपहिलवानाचा, सपाटून राग आला. तोही आजचा नव्हता, त्या आरशाच्या दिवसाचा होता.

घरात शिरताच करपल्याचा वास आला. आईनं दूध गॅसवर ठेवलं होतं आणि गॅलरीत जाऊन बसली होती. वाळलेले कपडे ती घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती. आई अलीकडे सगळं विसरायची. कधी लेकीला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारायची, कधी वडील अजून कामावरून आले नाहीत म्हणून दाराकडे बघत राहायची. मात्र विसरले असं ती कधी म्हणत नसे. कमरेवर हात ठेवून, जुन्या तोऱ्यात, "मला कुणी सांगितलंच नाही," म्हणायची. आणि लेक दर वेळी म्हणायची, "हो गं आई, माझ्याकडूनच सांगायचं राहिलं." हे मात्र खरं प्रेमाचं होतं. त्या एका वाक्यानं आईचा चेहरा खुलायचा, घर सरळ व्हायचं. तेच वाक्य कंपनीत, तेच घरात. दिवसभर ते बाहेर वापरायचं आणि संध्याकाळी घरी आणून आईला द्यायचं. आज काळं पडलेलं पातेलं सिंकमध्ये ठेवताना तिच्या ओठांशी ते आलं, पण ती दुसरंच बोलली. "आई, गॅस लावू नकोस म्हणून सांगून गेले होते मी." "मला कुणी सांगितलं नाही." "सांगितलं होतं." आईनं हातातला टॉवेल खाली ठेवला. कित्येक दिवसांत तिनं लेकीकडे इतकं नीट बघितलं नव्हतं. भुवया वर गेल्या, ओठ मुडपले. आता रडणार, असं लेकीला वाटलं. आई म्हणाली, "मग पुन्हा सांग. तुझं काय तोंड दुखतं?" आणि टॉवेलची घडी घालायला लागली.

पातेलं घासताना तिनं स्वतःची उलटतपासणी घेतली. खरंच सांगितलं होतं का? इतकी वर्षं राहिलं, राहिलं म्हटल्यावर आत काहीतरी खरोखरच राहायला लागलं असेल, कुणी सांगावं. साहेबांची ती स्वच्छ नजर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. सोमवार होता का? बाहेर ऊन होतं की दिवे लावले होते? साहेबांच्या समोर कोण बसून गेलं होतं? काही नाही, सगळं धूसर. हातातला काथ्या थांबला. आपल्यालाही आईचंच सुरू झालं असेल तर? ही भीती तिला गेली दोन वर्षं होती. साहेबांनी आज नेमकं त्या भीतीवरच बोट ठेवलं होतं. मग बूट आठवले. तपकिरी, नव्या चामड्याचा वास येणारे, डावा जरा जास्त करकरणारा. "लिफ्ट ना? हं, बघू या." करकर, करकर. "चावतायत हो बाई." वार आठवत नव्हता, वेळ आठवत नव्हती, पण लिफ्ट हा शब्द त्या करकरीच्या मधोमध जिथल्या तिथे होता. काही गेलं असेल, जाईलही. आईसारखं सगळंच एक दिवस जाईल. पण हे अजून आपलं आहे, ते मी का देऊ? असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि गॅलरीतून आईनं विचारलं, "कोण मागतंय गं?"

चौकशी मोठ्या मीटिंग रूममध्ये होती. या खोलीत तिची जागा ठरलेली असायची, कोपऱ्यातली, मांडीवर वही घेऊन, सगळे काय बोलले ते उतरवून घेणारी. आज त्या कोपऱ्यात एचआरचा अधिकारी वही घेऊन बसला होता आणि तिच्यासाठी टेबलाच्या मध्यावर खुर्ची ओढली होती. समोर मुख्य कचेरीतल्या बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेला, चेहरा थकलेला, दुष्ट मुळीच नाही. त्यांच्या उजवीकडे साहेब. टेबलाच्या टोकाला स्टोअरवाला, कुबड्या भिंतीला टेकवून, पाय समोरच्या खुर्चीवर. तो फार वाळला होता. टेबलावर पाण्याच्या बाटल्या तिनंच सकाळी मांडल्या होत्या, आणि त्याच्यापुढची बाटली उघडायला घट्ट जाईल म्हणून झाकण आधीच सैल करून ठेवलं होतं.

"थोडक्यात आवरू," बाई म्हणाल्या. "यांचा निरोप साहेबांना द्यायचा तुमच्याकडून राहिला, असं आम्ही समजायचं का?"

"नाही," ती म्हणाली. "मी निरोप दिला होता."

एचआरच्या अधिकाऱ्यानं मान वर केली. साहेब हसले, तेच जुनं, समजूतदार हसू. "आमच्या या बाईंच्या घरी सध्या जरा अडचण आहे. त्यांच्या आई..."

"माझ्या आईला यात आणू नका, साहेब. विसरते ती आई. मी नाही."

आपला आवाज इतका जाड आहे हे तिला माहीत नव्हतं. तो टेबलाच्या काचेवरून सरकत दुसऱ्या टोकापर्यंत गेला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "कोणत्या दिवशी दिला होतात?"

"वार आठवत नाही."

"काही लिहून ठेवलंय?"

"साहेबांना लिहिलेलं चालत नाही."

"मग कशावरून..."

"वार विसरले, वेळ विसरले," ती म्हणाली, आणि हे कबूल करताना तिला विलक्षण हलकं वाटलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा ती जे खरोखर विसरली होती तेच विसरले म्हणत होती. "सांगितलं ते विसरले नाही. साहेब नवे बूट घालून बघत होते. ते चावत होते. मी लिफ्टचं म्हटलं, ते म्हणाले बघू या. बूट मी त्याच दिवशी बदलून आणले." टेबलाखाली कुणीतरी पाय मागे घेतले. साहेब आता हसत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, सोफ्यावर बसलेल्या त्या गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून बघितलं होतं तसंच, नुसतं. ती पूर्वी या नजरेनं उभी राहिली होती. आज ती खुर्चीत नीट मागे टेकून बसली.

"मग ताई," टेबलाच्या टोकावरून स्टोअरवाला म्हणाला, आणि खोकला, आणि पुन्हा म्हणाला, "मग ताई, मला का म्हणालात राहिलं म्हणून?"

हाच तो प्रश्न. हॉस्पिटलात सफरचंदं मांडताना जो आला नाही, काल पातेलं घासताना जो तिनं बाजूला सारला, तो आता आला होता, आणि ज्यानं विचारायचा त्यानंच विचारला होता. बाईंकडे पाठ होईल याची पर्वा न करता ती खुर्चीसकट त्याच्याकडे वळली.

"खोटं बोलले तुमच्याशी," ती म्हणाली. "साहेबांचं काही राहिलं की ते माझ्याकडून राहिलं म्हणायचं, इतकी वर्षं मी इथं हेच केलंय. सवयीनं तुम्हालाही तेच म्हटलं. साहेबांनी ऐकलं आणि काही केलं नाही, एवढं खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्या लिफ्टला हात लावला नसता. तो दोष माझा, तो मी घेते. तुम्ही मला हवं ते म्हणा, मी ऐकून घेईन. पण विसरले म्हणून कुणी माझ्यावर घालत असेल, तर ते मी घेणार नाही. आज नाही आणि यापुढेही नाही."

स्टोअरवाल्यानं पुढची बाटली उचलली, सैल झाकण बोटानं फिरवून बघितलं आणि तिच्याकडे पाहिलं. साहेबांनी खुर्ची मागे ढकलली. "हे सगळं लिहून घ्यायची गरज नाही," ते कोपऱ्याकडे बघून म्हणाले, आणि कोपऱ्यातलं पेन थांबलं. ती जागा तिची होती, त्या जागेवर पेन कधी थांबतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती उठून त्या अधिकाऱ्यापाशी गेली आणि त्याच्या वहीतल्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"लिहा," ती म्हणाली. "नाहीतर राहून जाईल."